लेकुरवाळीला कोयता लागत नाही

"एकबी न्हाई?" चंद्राक्कानं तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही, आक्का. एकही नाही."

मी पाचोळ्यात गुडघे टेकून बसले होते. समोर सुतळीनं आखलेला चौकोन, मांडीवर वही आणि वहीत ओळीनं शून्यं. धुपाच्या सतरा झाडांखाली असे चौकोन आखून मी तीन दिवस पाचोळा उचलून बघत होते. जांभळाची रोपं होती, अंजनीची होती, करवंदीच्या जाळीनं तर पाय ओरबाडून काढले होते. धुपाचं रोप मात्र औषधाला नव्हतं.

"नीट बघितलंस न्हवं?"

"आक्का, आता माती चाळायची तेवढी राहिलीय."

ती पदर खोचून माझ्या शेजारी बसली आणि मी बघितलेला पाचोळा पुन्हा स्वतःच्या हातानं उलटापालटा करू लागली.

या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, पीएचडी करत होते आणि आपल्याला बरंच कळतं अशी माझी खात्री होती. आजऱ्याच्या पुढे कुरणखोल म्हणून गाव आहे. गावाबाहेर रासाई देवीची राई, नऊ एकरांची. चहूबाजूंनी ऊस, भात आणि काजू. पूर्वी हे सगळं एकच रान होतं. शेतं वाढत गेली तसतसं रान आटत गेलं आणि देवाच्या धाकानं तेवढे तुकडे राहिले. एका तुकड्यातल्या झाडांचं दुसऱ्या तुकड्यातल्या झाडांशी नातं काय, त्यांची जात पिढीगणिक दुबळी होते आहे का, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी मी राईराईतून पानं गोळा करायची आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायची. माणसांचं रक्त तपासून नातं कळतं, तसं झाडांचं पानावरून कळतं.

चंद्राक्का रासाईच्या गुरवाची विधवा. साठीची, काटक, कमी बोलणारी. नवरा बाळकू गुरव जाऊन बारा वर्षं झाली होती. पोटी मूल नाही, तेव्हा देवीचा दिवा तिच्याच हाती राहिला होता. सकाळ-संध्याकाळ दिवा, सोमवारी धूप, अडल्यानडल्याला कौल. एवढंच तिचं जग होतं. मी तिच्याकडेच उतरले होते.

राईतली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही, असा कुरणखोलचा दंडक. अपवाद एकच, देवीचा धूप. झाडाच्या बुंध्याला कोयत्यानं खाचा पाडायच्या, खाली बारीक जाळ करायचा, की काळा रस पाझरतो आणि वाळून खडा होतो. तोच निखाऱ्यावर टाकायचा. पण त्यालाही नियम होता. तो आक्कानं मला पहिल्याच दिवशी सांगितला होता.

"जे झाड फळतं ते लेकुरवाळं. त्याला कोयता लागत न्हाई. जे फळत न्हाई, त्याचाच धूप घ्यायचा. आमच्या आज्जेसासऱ्याच्या आधीपास्नं हे असंच हाय."

मला ते इतकं आवडलं की मी वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. किती मायेचा नियम, असं मनात म्हटलंसुद्धा. तेव्हा माझी अक्कल कुठं गहाण पडली होती, कोण जाणे.

त्या दिवशी संध्याकाळी हिंदुराव डेळेकरांनी चहाला बोलावलं. देवस्थान कमिटीचे ते अध्यक्ष, गावात सगळे त्यांना तात्या म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. देवीसमोर पक्का सभामंडप व्हावा, जत्रेला आलेल्या म्हाताऱ्या माणसांनी उन्हात बसू नये, एवढाच त्यांना ध्यास.

"मग म्याडम, काय म्हणतीया आमची राई?" त्यांनी विचारलं.

मी काय बोलायला हवं होतं? 'चाललंय काम' एवढं म्हणून बशी तोंडाला लावायची. पण माझ्या जिभेला कधी हाड नव्हतं. मी वही उघडली आणि त्यांना शून्यं दाखवली. म्हटलं, "तात्या, तुमची धुपाची झाडं फळत नाहीत. सतरापैकी एकही नाही. एक रोपटं नाही खाली. ही झाडं मेली की राईतला धूप संपला."

तात्यांनी कप खाली ठेवला. "एकबी फळत न्हाई?"

"एकही नाही."

"आन् किती वर्सं झाली आसतील?"

"आक्का म्हणतात, दहा-बारा वर्षं तरी फळ बघितलं नाही."

"बारा," तात्या सावकाश म्हणाले. "म्हंजे बाळकू गेला आन् आक्कानं दिवा हातात घेतला, तवापास्नं."

मला तेव्हाच धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. मी दुसरा कप चहा घेतला.

चार दिवसांनी देवळापुढं गावकी बसली. होळी होऊन गेली होती. मी कडेला उभी होते आणि आक्का नेहमीसारखी उंबऱ्याशी.

तात्यांनी माझंच नाव घेऊन सुरुवात केली. "शिकलेल्या बाईंनी मोजून सांगितलंय. राईतलं धुपाचं एकबी झाड फळत न्हाई. आता आपला नियम काय? फळत्या झाडाला कोयता न्हाई. न फळत्याला देवीनं मोकळीक दिल्याली हाय. ही झाडं काढली तर मंडपाला जागा हुती, आन् स्लॅबच्या फळ्याबी घरच्या घरी निघत्यात. देवीचंच देवीला."

माणसांनी माना हलवल्या. मग मागून एक म्हातारी बोलली. कोण ते मी सांगत नाही, तिची नातवंडं आता माझ्या ओळखीची आहेत. म्हणाली, "झाडं का न फळावीत? देवीच्या दारात दिवा कोण लावतंय ते बगा की आदी."

तात्यांनी घसा खाकरला. "आक्का, राग मानू नका. तुमी सेवा केलीसा, कोण न्हाई म्हणत न्हाई. पर बाळकूच्या चुलत घरातला एकजण हाय, दोन पोरांचा बाप. लेकुरवाळ्या हातानं दिवा लागला तर देवीबी परसन्न हुईल. सोमवारी कौल लावू. झाडांचं आन् दिव्याचं, दोन्ही एकदम."

आक्कानं पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाली, "देवी म्हणंल तसं."

एवढंच. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या वहीतल्या शून्यांनी त्या बाईचं उरलंसुरलं जग काढून घेतलं होतं. माझे मार्गदर्शक सर निघताना बजावून म्हणाले होते, 'नमुने घ्या आणि परत या, गावकीत पडू नका.' मी गावकीत पडले नव्हते, गावकीच माझ्या वहीवर उभी राहिली होती.

रात्री तिनं मला भाकरी वाढली, नेहमीसारखीच. मी म्हटलं, "आक्का, माझ्यामुळं झालं हे सगळं."

"तुझ्यामुळं कसं? तू मोजलंस ते खरंच हाय न्हवं? जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा राईत गेले. आता रोपं शोधत नव्हते. झाडांना फुलं आली होती का, तेवढं मला बघायचं होतं. धुपाचं झाड शंभर फुटांवर जातं आणि फूल असतं तांदळाच्या कणीएवढं, खालून काही दिसत नाही. तासभर पाचोळा धुंडाळल्यावर सगळ्यात जाड झाडाखाली मला चार फुलं मिळाली, सुकून आलेली. मी भिंग काढलं.

फुलाच्या मधोमध फळाची बारीक गाठ होती आणि भोवतीचे केसर पोकळ, त्यात परागाचा कणसुद्धा नव्हता. दुसऱ्या झाडाखालचं फूल बघितलं. तेच. पाचव्या, सातव्या, अकराव्या झाडाचं तेच.

आक्का दिवा लावून येऊन माझ्या मागे उभी होती. म्हणाली, "आता फुलंबी कुठं पडत्यात पैल्यासारकी. पूर्वी रास पडायची, रास. पाय टाकाय जागा नसायची. सोनसळी सडा."

"कुठल्या झाडांखाली, आक्का?"

"ती वायली झाडं हुती. न फळणारी. फूल लई टाकायची, फळ एक न्हाई. आमी म्हणायचो, नुसता दिखावा."

मी भिंग खाली ठेवलं.

"ती झाडं कुठं आहेत?"

तिनं मला राईच्या उत्तरेला नेलं. तिथं पाच खुंट होते, चार कुजून मातीला मिळालेले, पाचवा अजून कमरेएवढा उभा. त्याच्यावर खालपासून वरपर्यंत कोयत्याच्या खाचा होत्या आणि बुंधा जळून काळा झाला होता.

मी तिथंच बसले. सांगू की नको, असा विचारसुद्धा केला नाही. जीभ, म्हटलं ना.

"आक्का, पपईत नर आणि मादी असतात, ठाऊक आहे ना? धुपातही तसंच आहे. राईत उरलीत त्या सतराच्या सतरा माद्या आहेत. आणि ही पाच झाडं नर होती. नराला फळ येतच नाही, कधीच. पण त्याच्या फुलातली भुकटी माशीनं मादीच्या फुलाला नेऊन लावली नाही, तर मादीलाही फळ येत नाही. तुम्ही लेकुरवाळीला जपलंत आणि धूप सगळा नरांचा घेतलात. पिढ्यान्‌पिढ्या. दर वर्षी खाचा, दर वर्षी जाळ. एकेक करून ते मेले. झाडांत काही दोष नाही. आणि तुमच्या दिव्याचा तर काही संबंधच नाही!"

मला वाटलं, ती सुटकेचा निःश्वास टाकेल. कदाचित रडेल. तिनं पाचव्या खुंटावर हात ठेवला.

"हा शेवटचा," ती म्हणाली. "ह्यांनी घेतला ह्याचा धूप. सा-सात वर्सं घेत हुते. टोपली मी धरायची. हे गेले त्याच सालात हाबी वाळला. त्याचाच साठवल्याला धूप अजून पुरवतीया."

"त्यांना काय ठाऊक, आक्का! कुणालाच ठाऊक नव्हतं. सोमवारी मी गावकीत उभी राहते आणि सगळं सांगते."

"न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"हे गावात सांगायचं न्हाई."

"आक्का, तुम्हाला कळतंय का? तुमच्यावर आळ घेतलाय त्यांनी. तुमचा दिवा काढून घेणार आहेत, झाडं तोडणार आहेत. एक शब्द सांगितला तर..."

"एक शब्द सांगितला तर गाव म्हणंल, बाळकू गुरवानं देवीची राई मारली. बारा वर्सं झाली त्या माणसाला जाऊन. त्याला जाब देता येतोय का? मला निदान तोंड तरी हाय." तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "माझ्या गळ्याची शपथ घे, पोरी."

मी शपथ घेतली. चिडून, दात-ओठ खात घेतली, पण घेतली.

मग तिनं पदर खोचला. "आता सांग. नर कुठं मिळंल?"

गंमत बघा, एवढ्या वेळात हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

"तात्याच्या बांधावर एक धूप हाय," तीच म्हणाली. "त्याच्या बानं इथलंच बी नेऊन लावल्यालं. उसाच्या पल्याड, कोसभर. तेबी फुलतंय नुसतं, फळत न्हाई."

"एवढा ऊस ओलांडून माशी येत नाही. उसात तिला बसायला फूल नाही. आपण आणू शकतो, पण..." मी माझ्या पिशवीतून पुण्याहून आलेले कागद काढले. त्या झाडाचं पान मी गेल्याच वर्षी पाठवलं होतं. "हे झाड आपल्या या मोठ्या झाडाचा मुलगा आहे. आणि बाकीच्या झाडांचाही भाऊच. फळ धरेलही त्यानं. पण अशी रोपं पुढं खुरटतात, रोगाला बळी पडतात."

"मग कशाला त्याचं नाव काडतीस? देवक एक असल्यावर सोयरीक हुती व्हय?" आक्का एकदम ठसक्यात म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "लांबचं स्थळ बग."

मी कागद चाळले. आडवणच्या भैरीच्या राईतल्या एका धुपापुढं 'फुलतं, फळत नाही' अशी माझीच नोंद होती, म्हणजे नर, तीन डोंगर पलीकडे, सतरा किलोमीटरांवर. त्याच्या पानाचं इथल्या एकाही झाडाशी जवळचं नातं निघालं नव्हतं.

"आडवण," मी म्हटलं.

"बरं स्थळ हाय," आक्का म्हणाली.

सोमवारी कौल लागला. रासाईच्या पाषाणाला डाव्या-उजव्या बाजूला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कळ्या लावायचा मान गुरवाचा, म्हणजे त्या दिवसापुरता अजून आक्काचा. तात्या गाऱ्हाणं घालणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तात्या, माझं एक मागणं हाय. आदी ते इचारा. आई, ह्या झाडांना एक हंगाम दे. येत्या दसऱ्यापातुर एकबी फळ न्हाई धरलं, तर झाडंबी काढा आन् मलाबी काढा."

तात्यांनी जरा विचार केला, मग हात जोडले आणि तसंच गाऱ्हाणं घातलं. सगळं गाव पाषाणाकडं बघत होतं. उजवी कळी टपकन पडली.

घरी आल्यावर आक्का चुलीपुढं बसून राहिली. मी म्हटलं, "बघा, देवी तुमच्या बाजूनं आहे."

"डावी म्या अंगठ्यानं दाबून बसवली," ती म्हणाली. "उजवी नुसती टेकवली. बारा वर्सांत कवा आसं केलं न्हवतं." तिनं चुलीत एक लाकूड सारलं. "देवीला ठावं हाय. तिनं माझा हात धरला न्हाई, एवढंच म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही आडवणला निघालो. मी, आक्का आणि बयाजी धनगर. बयाजी मध काढायला कसल्याही झाडावर सरसर चढायचा. फुलं कशाला हवीत, हे त्याला आम्ही सांगितलं नाही. "देवीचा नवस हाय," आक्का म्हणाली आणि त्यानंही पुढं विचारलं नाही.

भैरीचा पुजारी मोकळ्या मनाचा निघाला. "फुलं? न्या की, आक्का! फळत तर न्हाईच ते झाड, कसला त्याचा उपेग. धुपापुरतं हाय."

मी झाडापाशी गेले. खाली फुलांची रास पडली होती, खरोखरच पाय टाकायला जागा नव्हती. आणि बुंध्यावर तीन खाचा होत्या, ओल्या. त्यांतून काळा रस ओघळत होता.

माझं तोंड उघडलं. पुजाऱ्याला एवढंच सांगायचं होतं, की बाबा, याला कोयता लावू नका, हा गेला तर तुमच्या राईतलाही धूप गेला. पण एकदा हे सांगायला बसलं, की 'तुम्हाला कसं कळलं' हे आलं. मग कुरणखोलचं नाव आलं. पाच खुंट आले. आक्का माझ्याकडंच बघत होती. मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी जिभेला लगाम घातला, आणि तोही नको त्या ठिकाणी.

बयाजीनं फुलांचे घोस उतरवले. आक्कानं ते ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवले, टोपली डोक्यावर घेतली आणि लगोलग परत चालायला लागली. मी म्हटलं, मी घेते थोडा वेळ. म्हणाली, "मुलाकडचं वऱ्हाड हाय. मीच नेणार." त्या दहा दिवसांत आम्ही तीन फेऱ्या केल्या. बयाजीनं सतराही झाडांच्या शेंड्याला घोस बांधले. पुढचं काम माश्यांचं.

मग पाऊस झाला, भात लागला. मी कोल्हापुरात होते आणि माझं कशातही लक्ष नव्हतं. नवरात्राच्या तोंडावर बयाजीनं एसटीच्या कंडक्टरकडं निरोप ठेवला, 'आक्कानं बोलवलंय.'

मी पोचले तेव्हा ती राईत होती. तिनं पदराची गाठ सोडली. आत निळसर काळी, बोटाच्या पेराएवढी अकरा फळं होती. मी एक फोडून बघितलं. बी भरलेलं होतं. मी त्या पाचोळ्यात बसून लहान पोरीसारखी रडले, आणि आक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सतरापैकी चौदा झाडं फळली. दसऱ्याला तात्यांनी सगळ्यांदेखत एक फळ उचलून कपाळाला लावलं आणि म्हणाले, "आक्का, चुकलं आमचं. देवी पावली तुमाला." मंडप देवळाच्या दुसऱ्या बाजूला झाला, पत्र्याचा. दिवा आक्काकडंच राहिला. ती म्हातारीसुद्धा येऊन तिच्या पाया पडून गेली. देवीनं आक्काला क्षमा केली, असं गावानं ठरवून टाकलं. कसली क्षमा, कुणाला क्षमा! माझा नुसता जळफळाट झाला.

निघायच्या दिवशी मी तिला विचारलंच, "आक्का, एवढं सोसलंत कशासाठी? खरं सांगितलं असतंत, तर कुणाची बोलायची छाती झाली नसती."

ती बिया राखेत घोळत होती. हात थांबवले नाहीत.

"माझ्या लग्नाला सा वर्सं झालीती, तवा गडहिंग्लजच्या डाक्तरीणबाईकडं गेले हुते. भणीला संगती घिऊन, चोरून. बाईनं तपासलं. म्हणाली, तुझ्यात काय दोष न्हाई. मालकाला घिऊन ये."

"मग?"

"मग काय? न्हाई नेलं. सगळं गाव त्यांच्या हातचा अंगारा घ्यायचं, पोरंबाळं हुवावीत म्हणून. त्यांनाच गाव हसलं असतं तर त्यांनी देवीपुढं उभं कसं ऱ्हायाचं? माझं काय, मला घरातच बसायचं हुतं." तिनं राखेतलं एक बी उचलून फुंकर मारली. "तीस वर्सं वांझ म्हणून घेतलं. आता आनि एकदा गप बसले, त्यात काय एवढं. सवय हुती."

"त्यांना कधीच कळलं नाही?"

"मी न्हाई सांगितलं. पर जायच्या आदी दोन दिवस माझा हात धरला आन् म्हणाले, चंद्रे, तू लई झाकलंस. तवा मला कळलं, ह्यांना ठावं हाय." आता मात्र तिचा हात थांबला. "त्याच्यातच सगळं फिटलं माझं."

मी माझा प्रबंध लिहिला. कुरणखोलच्या प्रकरणात एक वाक्य आहे: 'या राईतील नर झाडे नष्ट होण्याचे कारण निश्चितपणे सांगता येत नाही.' सर म्हणाले, उत्तम काम.

नऊ वर्षांनी मी पुन्हा आडवणला गेले. भैरीचं झाड उभं होतं, पण वाळून कोळ झालेलं. खाचा माझ्या खांद्याच्याही वर गेल्या होत्या. पुजारी म्हणाला, "फळत न्हवतं ओ, म्हणून त्याचाच धूप घेत हुतो. लेकुरवाळीला आमी हात लावत न्हाई." मी त्याच्यापुढं उभी राहिले आणि मला स्वतःची शिसारी आली. एका मेलेल्या माणसाची अब्रू राखायला मी एक जितं झाड मरू दिलं होतं. ते झाड मला आजही सोडत नाही.

चंद्राक्का जाऊनही आता पंधरा वर्षं झाली. गेल्या फाल्गुनात मी कुरणखोलला गेले. तिनं राखेत घोळलेल्या बियांची झाडं आता चांगली उंच झाली आहेत, चौतीस जगली. दिवा लावतो तो बाळकूच्या चुलत घरातल्या त्याच माणसाचा मुलगा, सदाशिव. त्यानं मला राई फिरवून दाखवली. एका झाडाखाली पोचलो आणि मी थबकले. खाली सोनसळी रास पडली होती.

"हे जरा वायलं हाय, म्याडम," सदाशिव म्हणाला. "चार वर्सं झाली, नुसतं फुलतंय, फळ एक न्हाई. अशी धा-बारा हाईत."

मी बुंध्यावरून हात फिरवला. वरून खालपर्यंत, पुन्हा वर. साल कोवळी आणि अखंड होती. एकही खाच नव्हती.

"धूप नाही घेत याचा?"

"न्हाई, न्हाई! आक्कानं जायच्या आदी कौल लावला हुता. ह्या राईतल्या कुठल्याच धुपाला कोयता लावायचा न्हाई, फळो न फळो. देवीचाच हुकूम पडला. धूप आमी दुकानातनं आणतो."

म्हणजे डावी कळी पुन्हा एकदा अंगठ्यानं दाबली गेली होती. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. जे मी आडवणला सांगू शकले नाही, ते तिनं इथं कुणालाही न दुखवता करून ठेवलं होतं.

पण आक्का नेहमी नसते, आणि कौल एका राईपुरता असतो. त्या मुलखात अजून अठरा राया आहेत, आणि तिथले कोयते तोच मायेचा नियम पाळत आहेत. मी मनातल्या मनात तिच्या गळ्याची शपथ परत केली. सदाशिवला त्या फुलांच्या शेजारी खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. नर, मादी, पाच खुंट, बाळकू गुरवाचा कोयता, आडवणचं झाड. म्हटलं, हे तू प्रत्येक राईत जाऊन सांगायचं, माझं नाव घेऊन. गडहिंग्लजचं मात्र त्याला सांगितलं नाही. ते आज पहिल्यांदा सांगते आहे.

तो फुलं मुठीत घेऊन सोडत बसला होता. मग त्यानं हळूच विचारलं, "म्हंजे म्याडम, दोष आक्काचा न्हवताच?"

"नव्हता," मी म्हटलं. "कशातच नव्हता."